इंदूरमध्ये छोटं थिएटर टाकताय? मग ही तयारी, आणि सगळ्यात आधी ‘की’

पन्नास-साठ खुर्च्यांचं थिएटर इंदूरमध्ये टाकायचं डोक्यात असेल, म्हणजे ते मराठी पिक्चर दाखवायला जे इथल्या मल्टिप्लेक्समध्ये एखादा अडनिड्या वेळेचा शो मिळवून गुरुवारी उतरतात आणि मग रामबागेतल्या काकू म्हणतात की अहो कधी आला कधी गेला कळलंच नाही, तर हे सगळं वाचून घ्या. क्रम मागेपुढे झाला तरी चालेल पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर पाहिजे, ती म्हणजे तुमच्या सर्व्हरचा, म्हणजे पिक्चर चालवणाऱ्या मशीनचा, सिरियल नंबर आणि सर्टिफिकेट (मशीनची डिजिटल ओळख). पिक्चरचं कुलूप उघडणारी ‘की’ त्याच्यावरच बनते. कशी ते खाली सांगतो, आणि परत परत सांगणार आहे.

जागा. पार्किंग, मेन रोड, भाडं हे सगळे सांगतीलच. मी म्हणतो आधी छत बघा. पडदा, त्याखालची मोकळी जागा, मागच्या रांगांचा चढ आणि प्रोजेक्टरचा झोत कुणाच्या डोक्याला न लागता जाणं, एवढ्याला उंची लागते, आणि दुकानाच्या गाळ्यात ती नसते. मधे खांब असेल तर मालकाने किराया निम्मा केला तरी घेऊ नका. बाहेर पडायला दोन वेगळे रस्ते हवेत, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी. ह्यात तडजोड नाही म्हणजे नाही. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये 59 माणसं गेली, आग खालच्या ट्रान्सफॉर्मरची होती पण माणसं धुरात अडकली, कारण जादा खुर्च्या टाकून बाल्कनीतला बाहेर जायचा रस्ता बंद केला होता. त्यामुळे कुणी म्हणालं की ह्या कोपऱ्यात अजून चार सीट बसतात, तर त्याला तिथेच नाही म्हणा. आणि शेजारच्या भिंतीपलीकडे काय आहे ते रात्री नऊला जाऊन ऐका, दुपारी सगळ्याच जागा शांत असतात.

कागदपत्रं. लायसन्स मध्य प्रदेशच्या 1952 च्या सिनेमा रेग्युलेशन कायद्याखाली, कलेक्टोरेटमधून. त्यासोबत नगर निगमचा मंजूर नक्शा, फायर एनओसी, विद्युत निरीक्षकाचा रिपोर्ट, कॅन्टीनला एफएसएसएआय, म्हणजे खाद्यपदार्थांचं लायसन्स. किरायानाम्यावर सही करायच्या आधी त्या जागेचा वापर कमर्शियलमध्ये कसा लिहिलाय ते बघा, नंतर नाही. फोयरमध्ये गाणी लावणार असाल तर त्याचंही लायसन्स वेगळं. जीएसटी आला म्हणजे मनोरंजन कर गेला असं समजू नका, नगर निगमांना तो लावायचा अधिकार आहे आणि त्याच्याचवरून ऑक्टोबर 2018 मध्ये एमपीतली थिएटरं बंद राहिली होती. तिकिटाचा भाव ठरवताना कागदावर हिशेब करा: 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी 5 टक्के, त्याहून महाग असेल तर 18. प्रेक्षकाकडून टॅक्ससकट 120 घेतले तर तुमच्याकडे उरतात 101 रुपये 70 पैसे, 105 घेतले तर 100. दीड-पावणेदोन रुपयांसाठी काकूंकडून पंधरा रुपये जास्त का घ्यायचे?

आता मशीन, आणि इथे जरा थांबून वाचा.

पिक्चर येतो तो डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल कॉपी, हार्ड डिस्कवर किंवा सॅटेलाइटवरून, दीडशे-दोनशे जीबीचा आणि कुलूपबंद. तो उघडायला केडीएम लागतो, धंद्यात सगळे नुसतं ‘की’ म्हणतात, छोटीशी फाइल, ईमेलवर येते. ही की थिएटरच्या नावाने बनत नाही. ती बनते तुमच्या सर्व्हरच्या, नेमकं सांगायचं तर त्यातल्या मीडिया ब्लॉकच्या, म्हणजे कुलूप उघडून पिक्चर चालवणाऱ्या भागाच्या, सर्टिफिकेटवर. ब्लॉक बदलला की आधीची की कचऱ्यात. आणि तिला वेळ ठरलेली असते, अमुक तारखेच्या अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत, त्याच्या आधी नाही नि नंतर नाही. आमच्याकडे ओपनिंगच्या आठवड्यात ब्लॉक बिघडला, सप्लायरने लगेच दुसरा बसवून दिला, पिक्चर लोड झाला, ट्रेलर चकाचक चालले, आणि नवा नंबर डिस्ट्रिब्युटरला कळवायचं सप्लायरच्या यादीत नव्हतं नि माझ्याही नव्हतं. हॉल भरलेला, पिक्चर उघडेना, सगळ्यांना पैसे परत. ट्रेलर चालले म्हणजे पिक्चर चालेल असं नाही, ट्रेलरला बहुधा कुलूपच नसतं, हे भिंतीवर लिहून ठेवा.

म्हणून: सेकंड हॅन्ड सर्व्हर घेत असाल तर प्रोजेक्टरचा दिवा किती तास जळालाय हे विचारण्याआधी सर्टिफिकेट चालू आहे का ते विचारा. ब्लॉकची बॅटरी कधी बदललीय ते विचारा, काही मॉडेलमध्ये ती मेली की सर्टिफिकेटही जातं आणि ब्लॉक कंपनीकडे पाठवावा लागतो. सर्व्हरचं घड्याळ बघा, ‘की’ त्याच घड्याळाने चालते आणि नियमाने ते वर्षभरात फक्त सहा मिनिटं इकडेतिकडे करता येतं. टेक्निशियनने प्रोजेक्टरचं झाकण उघडलं की ब्लॉक आणि प्रोजेक्टरची जोडणी परत करावी लागू शकते, ‘मॅरेज’ म्हणतात त्याला, ती झाल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. आणि काहीही, काहीही बदललं की त्याच दिवशी नवीन सर्टिफिकेट डिस्ट्रिब्युटरला आणि की बनवणाऱ्या लॅबला मेल, आणि फोन करून मेल मिळाला का ते विचारा.

बाकीच्या मशीनचं थोडक्यात. 2के प्रोजेक्टर पुरतो, छोट्या पडद्यावर 4के ची हौस नको. पडद्यावर उजेड 14 फुट-लॅम्बर्ट मोजून घ्या, डोळ्याने नाही मीटरने. लेझर परवडत असेल तर लेझर, दिवे बदलायची कटकट जाते. पडदा भोकांचा घ्या, सेंटर स्पीकर त्याच्या मागे गेला पाहिजे, नाहीतर नट पडद्यावर बोलतो नि आवाज जमिनीतून येतो. एसी असा की संवादाच्या शांततेत ऐकू येणार नाही. जनरेटर हवाच, पण सर्व्हरला वेगळा यूपीएस, कारण लाइट जाऊन जनरेटर चालू होईपर्यंत सर्व्हर बंद पडला तर परत उठायला वेळ घेतो आणि प्रेक्षक शिट्ट्या मारतात.

पिक्चर कुठून. इंदूर सेंट्रल इंडिया सर्किटमध्ये, म्हणजे पिक्चर वाटपाच्या त्या विभागात येतं, संघटना सीसीसीए (सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन), तिचं मुख्य ऑफिस आपल्या भुसावळला. मेंबरशिपचं आधी बघा. मराठीवाल्यांचे हक्क बऱ्याचदा मुंबईतूनच सुटतात, तेव्हा तिथे स्वतः जाऊन भेटा, फोनवर पन्नास सीट ऐकून कुणी उत्साह दाखवत नाही. एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटीची ठरलेली रक्कम देऊ नका, कलेक्शनच्या शेअरवर घ्या. मल्टिप्लेक्सचा 2009 चा करार डिस्ट्रिब्युटरला पहिल्या आठवड्याला नेटच्या (टॅक्स वजा कलेक्शनच्या) 50 टक्के, मग साडेबेचाळीस, साडेसदतीस, मग 30 असा होता, बोलणी करताना तो माहीत असू द्या. जुन्या पिक्चरसाठी पुण्याच्या एनएफडीसी-एनएफएआयला, म्हणजे सरकारी फिल्म संग्रहालयाला पत्र लिहा. घरचं ओटीटी लावून तिकीट विकायचं कुणी सुचवलं तर हात जोडा, ते सबस्क्रिप्शन घरच्यापुरतं असतं. सेन्सॉर न झालेला परदेशी पिक्चर दाखवायचा तर माहिती-प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. आणि ज्या मेलमध्ये पिक्चर बुक करता त्याच मेलमध्ये सर्व्हरचा नंबर टाका. प्रत्येक वेळी. आधी दिलाय म्हणून सोडू नका.

ओपनिंगची तारीख. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक असते, राजवाड्याकडे जाऊच शकत नाही कुणी. अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक रात्रभर. सानंद ह्या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाचे प्रयोग असतील त्या दिवशी तर आपला सगळा प्रेक्षक तिकडेच, आणि त्यांच्याशी भांडण्यापेक्षा त्यांच्या प्रेक्षकांपर्यंत आपलं पत्रक पोचवा. परीक्षा टाळा.

आदल्या रात्रीचं. पिक्चर दोन दिवस आधी लोड झालेला हवा, त्याला तास लागतात. की आली का, ती ह्याच पिक्चरची आहे का, ह्याच भाषेच्या नि सबटायटलच्या व्हर्जनची आहे का, कधीपासून कधीपर्यंत, सर्व्हरने ती स्वीकारली का, आणि स्वीकारली तरी वेळ सुरू झाल्याबरोबर पहिली दहा मिनिटं, इंटरव्हलच्या आसपासची पाच आणि शेवटची पाच प्रत्यक्ष चालवून बघा. की पहिल्या शोच्या फार जवळ सुरू होत असेल तर डिस्ट्रिब्युटरला आधीच सांगून ती काही तास अलीकडे घ्या, ते देतात. की देणाऱ्याचा रात्रीचा फोन नंबर बूथमध्ये चिकटवा, एकट्या ऑपरेटरच्या मोबाइलमध्ये नको.

बाकी भराभर. पिण्याचं पाणी फुकट ठेवायचं, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलंय. सेन्सॉर सर्टिफिकेटप्रमाणे वय बघायला दारावर एक शहाणा माणूस. टॉर्च, सुट्टे पैसे, फर्स्ट एड, बायकांच्या टॉयलेटला दुप्पट जागा. दारावर कॅन्टीनचे खोके ठेवू द्यायचे नाहीत. साबुदाणा खिचडी ठेवा, पॉपकॉर्नपेक्षा जास्त जाते. रोजचं कलेक्शन त्याच रात्री डिस्ट्रिब्युटरला पाठवा, उशीर केला की पुढचा पिक्चर उशिरा मिळतो. पुढच्या शुक्रवारचं सोमवारीच बोलून घ्या, सर्व्हरच्या नंबरासकट.