दोन थरांची गोळी: पहिला थर गुळगुळीत करू नका

माझे वडील गवंडी. गिलाव्याचा पहिला हात ओला असतानाच त्यावर थापीच्या टोकाने रेघोट्या ओढायचे. गुळगुळीत भिंत दुसरा हात धरत नाही. धुळ्यात बी.फार्म.च्या पोरांना दोन थरांची गोळी शिकवताना मी आधी हेच सांगतो. कारण मी स्वतः पहिल्या खेपेला खालचा थर दगडासारखा दाबला होता. संध्याकाळी डबी उघडली, तर साठच्या साठ गोळ्या दुभंगलेल्या!

नमुना मधुमेहाच्या गोळीचा घेऊ. खाली सावकाश सुटणारं मेटफॉर्मिन, वर लगेच सुटणारं ग्लिमेपिराइड.

खालचा थर ८०० मिग्रॅचा: मेटफॉर्मिन ५००, एचपीएमसी के१००एम (पाण्यात फुगणारी सेल्युलोजची पावडर) २००, एमसीसी (गोळीला भर देणारं सेल्युलोज) ६२, पीव्हीपी (दाणे चिकटवणारा डिंक) ३०, मॅग्नेशियम स्टिअरेट (भरड साच्याला चिकटू न देणारं वंगण) ८. पीव्हीपी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून, स्टिअरेट सोडून बाकीची पावडर त्यात भिजवा (जवळ आच नको), चाळणीतून दाणे पाडा, वाळवा. आपल्याकडच्या मे महिन्यात ट्रे बाहेर विसरलात तर दाणे नको तितके कोरडे होतात आणि गोळीची टोपी उडते, म्हणजे माथ्याची चकती सुटून येते. दोनेक टक्के ओल राहू द्या. एचपीएमसी पोटात फुगून जेल होते, औषध त्यातून तासन् तास झिरपतं. आमच्या काकू अशी गोळी खलबत्त्यात कुटून घ्यायच्या. तसं केलं की दिवसभराचा डोस एकदम अंगावर येतो.

वरचा थर १५० मिग्रॅचा, त्यात ग्लिमेपिराइड फक्त १ मिग्रॅ. सगळं एकदम ढवळलंत तर एका गोळीत दोन मिग्रॅ, दुसरीत काहीच नाही. शंभर गोळ्यांसाठी १०० मिग्रॅ औषधात तेवढंच लॅक्टोज घोटा, मग जमलेल्याइतकं पुन्हा. सात वेळा दुप्पट केलं की १२.८ ग्रॅम होतं. मग क्रॉसकारमेलोज (पाण्यात गोळी लगेच फोडणारं) तीन टक्के आणि चिमूटभर लाल आयर्न ऑक्साइड, म्हणजे थरांची रेघ डोळ्याला दिसते. उरलेलं वजन लॅक्टोजने भरा, स्टिअरेट धरून एकूण १५ ग्रॅम व्हायला हवं.

स्टिअरेट दोन्हींकडे अगदी शेवटी, दोन मिनिटंच. जास्त ढवळलं तर दाण्यांवर तेलकट पापुद्रा चढतो आणि थर एकमेकांना धरत नाहीत.

आता हातमशीन. ८०० मिग्रॅ डायमध्ये (गोळीच्या साच्यात) ओता आणि पंच (वरून दाबणारा दट्टा) हलकाच टेकवा: भरड सपाट व्हावी, चकाकू नये. वर १५० मिग्रॅ ओतून मगच पूर्ण दाब द्या. सुरुवातीच्या दोन-तीन गोळ्यांचा खालचा थर तसाच बाहेर काढून तोला, नाहीतर चूक वरच्या थराच्या वजनात लपते.

दहा गोळ्या तोलून फ्रायबिलेटरच्या (गोळ्या घोळवून त्यांची झीज तपासणाऱ्या यंत्राच्या) ड्रममध्ये १०० फेऱ्या द्या, मग पुन्हा तोला. वजनातली घट एक टक्क्याच्या आत हवी. रेघेवर फुटली तर पहिला दाब जास्त किंवा स्टिअरेट जास्त. माथ्यावरून टोपी उडाली तर दाणे कोरडे. पोरं दोन्ही वेळा दाबच वाढवतात.