लायडनला जायचं तर ३ ऑक्टोबर गाठा
सांगलीहून कुणी हॉलंडला मुलांकडे निघालं की मी आवर्जून सांगते, लायडन चुकवू नका, आणि जमलं तर ३ ऑक्टोबरलाच जा. स्खिपोल विमानतळावरून रेल्वेने वीसेक मिनिटं. १५७४ मध्ये स्पॅनिश वेढ्यात उपाशी पडलेलं हे गाव सोडवायला बांध फोडून शेतांत पाणी घेतलं, त्यावरून होड्या आल्या. पुराचा धसका घेतलेल्या आम्हा कृष्णाकाठच्या माणसांच्या अंगावर हे ऐकून काटाच येतो! त्या सुटकेची आठवण म्हणून ३ ऑक्टोबरला गावकऱ्यांना हेरिंग मासा आणि पांढरा पाव वाटतात. हुट्स्पॉट मात्र खाच: बटाटा, गाजर, कांदा उकडून घोटलेला, गरमागरम. शाकाहारी असाल तर आधी विचारा, सोबत मांस असतं. मग रापेनबुर्ख कालव्याकाठी निवांत चाला. सायकलींच्या लाल पट्ट्यावर उभं राहू नका.