बायबलमधील अपरिचित शब्द समजून घेताना

बायबल वाचताना एखादा अपरिचित शब्द आला की लगेच शब्दकोश उघडण्याऐवजी तोच अध्याय शेवटपर्यंत वाचावा, कारण अनेक ठिकाणी लेखकानेच त्याचा अर्थ दिलेला असतो. निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रत्येकाने एक ओमर मान्ना (रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळालेले अन्न) गोळा करावा असे सांगितले आहे. हे माप किती, याचा उलगडा त्याच अध्यायाच्या अखेरच्या, छत्तिसाव्या वचनात होतो: ओमर म्हणजे एफा या धान्य मोजण्याच्या मोठ्या मापाचा दहावा भाग. मान्ना कसा होता, हेही तेथेच कळते: धण्यासारखा, पांढरा आणि चवीला मध घातलेल्या पोळीसारखा. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कनेही, येशूला वधस्तंभावर दिले ते ठिकाण, गुलगुथा, म्हणजे 'कवटीची जागा' असे लगोलग सांगितले आहे.

'वल्हांडण' हा यहुद्यांच्या सणाचे नाव असलेला शब्द मात्र निर्गमच्या बाराव्या अध्यायाजवळ ठेवून वाचावा. दारावर रक्ताची खूण असलेली घरे परमेश्वर ओलांडून गेला, हा प्रसंग वाचला की सणाचे नाव कायमचे लक्षात राहते.

अर्थ असा सापडला नाही, तर पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले भाषांतर आणि एखादे सोप्या भाषेतील भाषांतर शेजारी ठेवून तेच वचन पाहावे व अर्थ वहीत संदर्भासह लिहावा. संदर्भाविना केलेली टिपणे पुढे फारशी उपयोगी पडत नाहीत, असे मला वाटते. स्तोत्रांत ७१ वेळा येणाऱ्या 'सेला'चा नेमका अर्थ अभ्यासकांनाही निश्चित करता आलेला नाही. ती बहुधा गायन-वादनाची सूचना असावी, एवढेच त्यापुढे लिहावे.