अरबी कोशात चिखल कसा शोधावा

अरबी कोशात शब्द बहुधा धातूखाली सापडतो, आणि धातू म्हणजे बहुतेक वेळा तीन व्यंजने. हुकूम, हाकीम, हिकमत हे आपल्या तोंडचेच शब्द घ्या: तिन्हींत ह-क-म. याच रीतीने माती-चिखलाचे शब्द उकलू.

१. आधी शब्द सोला. 'अत्-तुराब' म्हणजे माती. पुढचे 'अल्' हे उपपद (इंग्रजी 'द'सारखे; इथे त्याचे 'अत्' झाले आहे) आणि दीर्घ 'आ' काढला की उरते त-र-ब. याच घरात 'तुर्बा' आहे, जिच्यापासून आपली तुरबत आली, आणि 'मत्रबा'ही, म्हणजे धुळीला मिळवणारे दारिद्र्य. 'लिसान अल्-अरब' हा जुना कोश उघडणार असाल तर मात्र हा धातू 'ब'खाली पाहा. तिथली रचना शेवटच्या अक्षरावर आहे.

२. दोनच व्यंजने हाती लागली तर लपलेले तिसरे शोधा. 'तीन' (आकडा नव्हे!) म्हणजे चिखल, ओली माती. यातल्या 'ई'मागे 'य' दडलाय; धातू त-य-न. हा 'त' जड उच्चाराचा. साध्या 'त'ने लिहिलात तर अंजीर होते, आणि देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून मूळ अक्षर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'चिखल आणखी ओला केला' असा अरबीत वाक्प्रचार आहे. आपण म्हणतो दुष्काळात तेरावा महिना.

३. साचा ओळखा. मधले व्यंजन दुप्पट झाले की अनेकदा धंदेवाईक माणूस निघतो: हम्माल, सर्राफ म्हणजे आपले हमाल, सराफ. तसाच 'तय्यान', चिखलाचे काम करणारा. पण 'फख्खार' साच्याने तसाच असून अर्थ भाजलेली मातीची भांडी! त्याच फ-ख-र धातूत गर्वाचा 'फख्र'ही आहे. ल-ब-नमध्ये तर 'लबन' दूध आणि 'लबिन' कच्ची वीट. अशी नाती ओढूनताणून जुळवू नयेत.

४. जोडी दोनदा आली तर धातू चार अक्षरी माना. 'सल्साल' म्हणजे टिचकी मारली की वाजणारी वाळकी माती. स-ल-स-ल हा आवाजच, आपल्या खणखणसारखा. कुराणाच्या ५५व्या सूरेत (अध्यायात) माणूस 'फख्खारसारख्या सल्साला'पासून घडवल्याचे म्हटले आहे, १५व्या सूरेत सोबत 'हमअ' येतो: काळा गाळ.

५. उसना शब्द असेल तर धातूच्या मागे लागू नका. 'तूब' (वीट) कोशात त-व-बखाली असतो, पण तो इजिप्तच्या कॉप्टिक भाषेतून आलेला. पुढे तोच स्पेनमध्ये जाऊन 'अडोबे' झाला.