पन्नाशीनंतर डोळ्यांतला मॅक्युला कसा जपावा?

मोतीबिंदू सगळ्यांना माहीत, काचबिंदूही ऐकलेला असतो. मॅक्युलाच्या झिजेचं नाव मात्र बहुतेकांना डॉक्टरांच्या खोलीतच पहिल्यांदा कळतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध जेमतेम ५ मिलिमीटरचा पिवळसर भाग असतो, तो मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही कामं त्याच्या जिवावर चालतात. वयानुसार तो झिजू लागला की कडेचं दिसत राहतं आणि नेमकं मधलं पुसट होतं. गेलेली नजर सहसा परत येत नाही, म्हणून जपणूक आधीपासून हवी.

१. आधी विडी-सिगारेट सोडा. आहाराचं नंतर बघू. वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाही; जे हातात आहे त्यात धूम्रपान सर्वांत घातक. ओढणाऱ्यांना या आजाराचा धोका न ओढणाऱ्यांच्या दुप्पट ते चौपट असतो. ‘आता साठीत सोडून काय उपयोग?’ असं म्हणू नका. सोडल्यावर धोका हळूहळू उतरत जातो.

२. रोज वाटीभर पालेभाजी खा, तेलाच्या फोडणीसह. मॅक्युलाचा पिवळा रंग ल्युटीन आणि झिअॅझँथिन या द्रव्यांचा. ती शरीरात तयार होत नाहीत, खाण्यातूनच यावी लागतात. पालक, मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला यांत ल्युटीन भरपूर. ही द्रव्यं स्निग्धात विरघळतात, त्यामुळे ‘तेल नको’ म्हणून नुसता पाला उकडून खाल्ला तर ती नीट अंगी लागत नाहीत. लसणाची साधी फोडणी, वरून थोडा दाण्याचा कूट, एवढं पुरतं. भाजी फार वेळ शिजवू नका. मक्याचे दाणे आणि अंड्याचा पिवळा बलकही उपयोगी. बलकात ल्युटीन कमी असलं तरी ते चांगलं शोषलं जातं.

गाजराचा महिमा आपल्याकडे जरा जास्तच गायला जातो. गाजरातून अ जीवनसत्त्व मिळतं आणि ते डोळ्यांना हवंच, पण मॅक्युलासाठी मेथीची जुडी जास्त कामाची. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफेरिन घेत असाल, तर पालेभाजी एकदम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. तिच्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचं गणित बिघडतं.

३. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. तळण्यापेक्षा कालवण बरं. माशाच्या तेलाच्या गोळ्यांकडून मात्र मोठी आशा नको. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ‘एरेड्स-२’ या चाचणीत त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही.

४. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्या. त्याच चाचणीतून पुढे आलेल्या मिश्रणात रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, ४०० युनिट ई, १० मिलिग्रॅम ल्युटीन, २ मिलिग्रॅम झिअॅझँथिन, ८० मिलिग्रॅम जस्त आणि २ मिलिग्रॅम तांबं असतं. ज्यांचा आजार मधल्या टप्प्यावर आहे, त्यांचा तो पुढे सरकण्याचा धोका अशा मिश्रणाने पाच वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी घटतो. निरोगी डोळ्यांना आजार होऊच नये, यासाठी त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. जाहिरातीत हे वाक्य सापडत नाही! शिवाय धूम्रपान करणाऱ्यांनी, किंवा आधी करत असलेल्यांनी, बीटा-कॅरोटिन असलेल्या गोळ्या टाळाव्यात. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

५. रक्तदाब आणि वजन आटोक्यात ठेवा, रोज चाला. मोबाइलच्या निळ्या प्रकाशापासून वाचवणाऱ्या महागड्या काचांवर पैसे घालवू नका. मॅक्युला त्यांनी वाचतो याला चांगला पुरावा नाही.

६. दर आठवड्याला एकेक डोळा तपासा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो आणि बिघाड लक्षातच येत नाही. गणिताच्या चौकटीच्या वहीतून १० सेंटिमीटरचा चौरस कापा, मध्यभागी ठळक ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावून कागद साधारण ३० सेंटिमीटरवर धरा. एक डोळा झाका, दुसऱ्याने फक्त ठिपक्याकडे बघा. मग डोळा बदला. रेषा वाकड्या वाटतात का, चौकटी मध्येच गायब होतात का? एरवी खिडकीचे गज किंवा दाराची चौकट नागमोडी दिसणं हीही तीच खूण.

असं काही दिसलं तर चष्म्याच्या दुकानात नंबर तपासत बसू नका. दोन-तीन दिवसांच्या आत रेटिनाच्या डॉक्टरांना गाठा. आजाराच्या ‘ओल्या’ प्रकारात पडद्याखाली नवीन, कमकुवत रक्तवाहिन्या फुटून झिरपू लागतात. डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनने तो बऱ्याचदा रोखता येतो, पण उशीर झाला तर व्रण राहतो. घरात आई-वडिलांना हा आजार असेल, तर काही त्रास नसतानाही पन्नाशीनंतर नियमित पडदा तपासून घ्या. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यानंतर काही तास धूसर दिसतं. सोबत कोणाला तरी न्या आणि दुचाकी घरी ठेवा.