उशिरा आलेला थवा कसा जगवला

फुलोरा ओसरल्यावर परसातल्या फांदीवर मधमाश्यांचा छोटा थवा बसला. पेटीत घेतला, पण पोळं बांधायला मेण हवं, मेणासाठी भरपूर मध खर्ची पडतो आणि बाहेर मकरंद जवळपास संपलेला. म्हणून आधी माझ्याच दुसऱ्या निरोगी पेटीतल्या बांधून तयार पोळ्यांच्या चौकटी दिल्या. सगळ्यात मोठा फरक यानेच पडला. राणीला अंडी घालायला लगेच जागा मिळाली.

मग पाक. सुरुवातीला साखर-पाणी समान, पुढे साठ्यासाठी दोन भाग साखरेला एक भाग पाणी. द्यायचा संध्याकाळी, पेटीच्या आतच, थेंबही न सांडता. टंचाईत वास लागला की शेजारच्या वसाहती लुटायला येतात, त्यामुळे दारही एक-दोन माश्यांपुरतंच ठेवलं.

पाकाने पिल्लांचं पोषण होत नाही, त्यासाठी पराग लागतो. मी कोथिंबीर आणि बडीशेप न खुडता फुलू दिली, सूर्यफूल टप्प्याटप्प्याने पेरलं. कोथिंबिरीच्या फुलांवर माश्यांची झुंबड पाहून फार समाधान वाटलं!

एवढं करूनही थवा दुबळाच राहिला असता, तर एक राणी काढून, मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवून तो सशक्त वसाहतीत मिसळला असता. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोन्ही वसाहतींचा वास एक होतो.