शाळेच्या पटांगणात नकाशा काढताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक दिशेची. भिंतीवर उत्तर वर असते, पण जमिनीवर उत्तर उत्तरेलाच हवी, आणि नेमकं हेच विसरून लोक नकाशा गेटमधून किंवा स्टेजवरून छान दिसावा म्हणून फिरवतात. एका शाळेत मीच हे केलंय, नकाशाची उत्तर खऱ्या पश्चिमेला गेली, रंग वाळला, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला तिसरीतली पोरगी म्हणाली, "सर, सूर्य गोव्याकडून उगवला." तिचं बरोबर होतं. सगळं खरवडून परत काढलं.

मोबाइलचं होकायंत्र झेंड्याच्या लोखंडी खांबाजवळ चुकतं. त्यापेक्षा काठी सरळ उभी करा, साडेअकराला आणि दीडला सावलीच्या टोकावर खडूने खूण करा, दोन्ही खुणा जोडल्या की झाली पूर्व-पश्चिम रेषा, पहिली खूण पश्चिमेची. हे काम पोरांनाच करू द्या!

दुसरं, माप. आपला महाराष्ट्र पूर्व-पश्चिम साधारण 800 किमी, म्हणजे 8 मीटरचा काढला की 1 मीटरला 100 किमी. मुंबई-पुणे जेमतेम सव्वा मीटर आणि मुंबई-नागपूर जवळपास 7 मीटर, हे पोरं पावलांनी मोजतात तेव्हा विदर्भ किती लांब ते त्यांना खरंच कळतं. अंदाजे काढलं तर कोकण फुगतं नि गडचिरोली आखडते. छापील नकाशावर चौकोन आखा, जमिनीवर दोरी मारून तेच मोठे करा आणि कोपरे गुण्यात (काटकोनात) आहेत का ते 3-4-5 ने तपासा, म्हणजे कोपऱ्यापासून एका बाजूवर 3 मीटर आणि दुसरीवर 4 मीटर मोजलं की त्या दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर 5 मीटर भरलं पाहिजे.

नमुना जुना घेऊ नका. कपाटातल्या गुंडाळलेल्या नकाशात बऱ्याचदा 35च जिल्हे असतात, पालघर ठाण्यातच असतो (वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014ला), आणि शेजारी तेलंगणाऐवजी आंध्र. भारताचा काढत असाल तर सर्वे ऑफ इंडियाचीच बाह्यरेषा घ्या, अंदमान आणि लक्षद्वीप हमखास राहून जातात.

रंगाचं म्हणाल तर चकचकीत ऑइल पेंट अजिबात नको, पावसात पोरं घसरतात. रस्त्यावर पट्टे मारायचा रंग चांगला टिकतो. नवीन कोब्याला महिनाभर तरी वाळू द्या, ओलीवर मारला की पोपडे येणारच. पोपडे आलेच तर वरून दुसरा हात मारू नका, तेवढा भाग तारेच्या ब्रशने घासा, धुवा, पूर्ण सुकू द्या, मग रंगवा. दिवाळीनंतर काम काढलेलं बरं.

आणि कृपा करून जिल्ह्यांची नावं रंगाने लिहू नका! फक्त सीमा, नद्या, सह्याद्री. नाव रंगवलं की पोरं वाचून मोकळी होतात, कोरं असलं की भांडतात, हिंगोली इथे का परभणी तिथे, खडूने लिहितात, पुसतात, परत लिहितात.